अर्धलीचा गळा

तर भर चैत्रात भिमा गळ्याचा मफलर सोडायला तयार नव्हता, इथवर काल आलो होतो. तुम्ही हसलात. पण त्या माणसाची भीती खरी होती, म्हणून आज मफलरामागची गोष्ट सांगतो.

भिमा आमच्या केंदूरचा, मेंढरं राखणारा. ओव्या म्हणायला लागला की ढोलवालेसुद्धा हात आवरून ऐकत. दौंडला एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं माडीवर गाद्या टांगून रेकॉर्डिंगची खोली केली होती. तिथं भिमाची कॅसेट काढावी, असं सगळ्यांच्याच मनात; खर्चाला मात्र कुणी पुढं येईना. साल नव्व्याण्णव असेल.

माझा पुतण्या दत्ता कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला जायचा. तो साहेबांकडून ऐकून आला. "आबा, कॉम्प्युटरच्या नव्या कंपन्यांना लोकं पैसं उसनं देत न्हाईत, वाटा घेत्यात. चाललं तर समद्यांचं, बुडालं तर कुनी मागायचं न्हाई. भिमामामाचं तसंच करू."

म्हातारी बानूबाई मिसरी लावत बसली होती. थुंकून म्हणाली, "ह्यात सायबाचं कसलं डोस्कं? ही तर अर्धली!"

आमच्याकडं मेंढी अर्धलीनं देतात. राखणारा राखतो, कोकरं निम्मी निम्मी. मेंढी मेलीच तर तिचा कान आणून मालकाला दाखवायचा. मालक 'बरं' म्हणतो, विषय संपतो.

मग काय! पहिली मेंढी बानूबाईनं दिली, मागोमाग शेजारच्या म्हस्कूनं, मग बाकीच्यांनी. शिरूरच्या बाजारात मेंढ्या विकल्या, खोली ठरली. आणि तिथंच भिमाची झोप उडाली.

कारण गळा आता गावाचा झाला. ताकाचा तांब्या तोंडाला लावला की म्हस्कू आडवा. "ए, आंबट नगं! माझी मेंढी हाय त्या गळ्यात." भिमा शिंकला की आळीची दारं उघडायची. "कारखान्याच्या शेअरवर दिवाळीला साखर मिळती," कुणीतरी टोचायचं, "तुझ्यावर काय मिळंल रं, खोकला?" बायको सिंधूबाईची वेगळीच रड. "आता भांडू तरी कुनाशी? ह्यो नुसता हातानं बोलतुया."

खरंच, तो मेंढरांनाही हाळी देईना. मला म्हणाला, "आबा, आदी माळावर एकटा गायचो. आता तोंड उघडलं की समदी आत बसल्यागत वाटत्यात. लई भ्या वाटतं."

रेकॉर्डिंगच्या आदल्या दुपारी मी त्याच्याबरोबर माळावर होतो. एकाएकी मेंढरं दाटून उभी राहिली. कुत्रं शेपूट घालून माझ्या पायांत. समोर घाणेरीच्या जाळीतून लांडगा निघाला, पाठोपाठ दुसरा. माझी तर दातखीळ बसली. भिमाचा हात गळ्यावर गेला. मफलर त्यानं मुठीत घट्ट धरला. लांडगा एका कोकराकडं सरकला, आणि भिमानं मफलर उपसून फेकला. असा ओरडला, असा ओरडला, की माझ्याच अंगावर काटा आला. लांडगे थबकले, वळले, ओढ्यात उतरले. ते दिसेनासे झाले तरी हा ओरडतच होता. थांबला तेव्हा गळ्यातून नुसती हवा येत होती.

"भिमा?" मी म्हटलं. ओठ हलले. आवाज नाही.

तडक बानूबाईच्या दारात गेला, मी मागोमाग. ओरडणं गावापर्यंत पोचलेलं, त्यामुळं वाटेकरी आधीच जमलेले. भिमाचा चेहरा पांढराफटक. तोंडानं सांगता येईना, तेव्हा त्यानं स्वतःचाच कान चिमटीत धरून पुढं केला.

कुणी हसलं नाही. बानूबाई त्या कानाकडं बघत राहिली.

"मेली म्हन," ती शेवटी म्हणाली. "नुसती मान हालीव. रीतच हाय ती. पुन्यांदा तुला कुनी इचारनार न्हाई."

सुटलाच होता तो. मान तेवढी हलवायची. पण भिमानं कान सोडला. खुणेनं पाणी मागितलं, दोन घोट घेतले, आणि आम्हाला पुढं वाकून ऐकावं लागलं अशा फाटक्या आवाजात म्हणाला,

"मेली न्हाई, आत्ये. गाभण हाय. पर कवा व्यायची, त्ये रोज दारात यिऊन इचारू नगा."