जुने लॉग कोण वाचतंय?

सव्वा महिना हे लिहायचं टाळलं. टाळण्यात मी हुशार आहे. काकांचं शेवटचं बोलणंही त्यातच गेलं.

श्रीधरकाका, माझे चुलते. नजरबादला शिवणकामाचं दुकान, वर घर. हेब्बाळच्या कुठल्याशा कंपनीने भंगारात काढलेला कॉम्प्युटर आणून त्यांनी त्यावर लिनक्स टाकलं. गिऱ्हाइकांची मापं त्यात.

प्रत्येकाला वेगळं लॉगिन. मला, कारागिराला, अगदी काकूलाही.

"मला कशाला ते? सुम्ने, उगाच!" काकू हसली.

"असू दे. घरच्या माणसाला दार नको का?"

मी भटक्या. गोकर्ण, हंपी, मग सरगूरला मित्राच्या शेतात चार महिने. तिथल्या हत्तींचं सांगत बसलो तर हे परत राहील.

काका फोन करत नसत. लॉगमध्ये लिहीत.

मशीन स्वतःच्या तक्रारी लिहितं ना, प्रिंटर सापडत नाही, अमुक बंद पडलं, त्यांच्यामध्ये कमांड देऊन आपली एक ओळ टाकायचे.

"आज चाळीस कॉलर. मान गेली."

"चिरोटी केलीय. कुठे आहेस मगा?" मगा म्हणजे पोरा, इथल्या कानडीत.

मी कुठूनही मोबाईलवरून लॉगिन करून वाचायचो. उत्तर द्यायचो नाही.

कुणी लॉगिन केलं की त्याचीही नोंद लॉगमध्ये पडते. एकदा ओळ आली: "तू येऊन गेलास ते दिसतं. न बोलता गेलास तेही दिसतं."

डिस्क भरली तेव्हा मी दुकानातच होतो. त्यांनी विचारलं, "काय काढू रे?"

"जुने लॉग. चार आठवड्यांहून जुने ते आपोआप उडू देत. कोण वाचतंय?"

सेटिंग मीच केलं.

शेवटी मात्र त्यांनी फोन केला. "मशीनमध्ये बघ. तुझ्यासाठी लिहिलंय."

"बघतो काका."

दोन दिवसांनी ते गेले.

दहाव्याला मी त्याच मशीनशेजारी बसून मोबाईल चार्ज केला. वाटलं, आहे तिथेच. जातंय कुठे?

मशीन कोणी बंदच केलं नव्हतं. ते आपलं काम करत राहिलं.

आज उघडलं. सर्वांत जुनी ओळ अकराव्या दिवसाची. प्रिंटर सापडत नाही.

त्यामागे काही नाही.

बॅकअपचा पेनड्राइव्ह मीच नेला होता. गाणी भरायला.

काका, काय लिहिलं होतंत ते आता मला कधीच कळणार नाही. माफ करा म्हणायलाही तोंड नाही. जड मनाने नमस्कार.

दुकानात बसून टाइप करतोय. समोर लॉग चालू ठेवलाय, उगाच.

आत्ता ओळ आली. काकूचं लॉगिन. आजवर कधी वापरलंच नव्हतं ते.

पासवर्ड चुकला.

परत चुकला.

काकू मोबाईल हातात घेऊन आत आली. "माझं दार कसं उघडायचं रे?"