मांडीवरचा रुमाल

परवा तुम्ही मला एक क्लिप पाठवलीत. म्हाताऱ्या फ्रेंच गायकाचा आवाज मध्येच फाटतो आणि लोक हसतात. खाली लिहिलं होतं, "Aaji, isn't this Dubai?" हो, दुबईच. मी तिथे होते. म्हणून क्रमाने सांगते.

तुमचे आजोबा हॉटेलात साउंडचं काम बघत. दर हिवाळ्यात हॉटेलच्या हिरवळीवर एक फ्रेंच रॉक बँड वाजवायला येई. पहिल्या वर्षी पाच जण होते, लांब केसांचे आणि लांब पायांचे. त्यांच्या देशात म्हणे एके काळी त्यांची गाणी रेडिओवर लागत. मग कीबोर्डवाल्याने बेकरी काढली. बासवाल्याची पाठ गेली. ड्रमवाला वारल्यावर त्याचे ड्रम लॅपटॉपवरून वाजू लागले, पण त्याचं स्टूल मात्र दर वेळी स्टेजवर मांडलं जाई. शेवटी गिटारवाला आणि गायक, दोघेच उरले.

याच वर्षांत आजोबांचे कान जाऊ लागले, आधी टिपेचे सूर, मग बोलणं. हॉटेलात कळलं असतं तर नोकरी गेली असती आणि नोकरीबरोबर व्हिसाही. एके दिवशी ते मला म्हणाले, "वसईच्या चर्चमध्ये गाणाऱ्या एवढ्या बायकांतून बेसूर बाई शोधायचीस. मग या गोऱ्यांना पकडायला काय हरकत आहे?"

मी शेवटच्या रांगेत बसू लागले. रुमाल मांडीवर असला की सगळं ठीक. उजव्या खांद्यावर टाकला की टिपेचा आवाज कमी करायचा, डाव्या खांद्यावर टाकला की गिटार. हातात उंच धरला की थांबवायचं. ही शेवटची खूण आम्ही ठरवून ठेवली होती, कधी लागली नव्हती.

गायकाला यातलं काही माहीत नव्हतं. तो आजोबांना हबीबी, म्हणजे दोस्त, म्हणे आणि सगळ्यांना सांगे, "या हबीबीसारखे कान पॅरिसमध्येसुद्धा नाहीत." आजोबा हसत. मला ते हसू बघवत नसे.

शेवटच्या हिवाळ्यात आजोबांनी हॉटेलला सांगून टाकलं होतं, हा कार्यक्रम झाला की मी निवृत्त. दुपारी साउंडचेक होतं. गायकाने सर्वांत उंच ओळ घेतली आणि सूर खाली घसरला. पुन्हा घेतली, पुन्हा घसरला. तो आजोबांच्या साउंड-मिक्सरजवळ आला, आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने म्हणाला, "हबीबी, खरं सांग. आवाज गेला असेल तर आज गिटार एकटीच वाजेल. मी मानाने थांबतो."

आजोबांनी मागे माझ्याकडे पाहिलं.

मला खरं ठाऊक होतं. पण तुमच्या आजोबांनी त्या दिवसासाठी पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला होता. गायक नसता तर हॉटेलने कार्यक्रम रद्द केला असता. मी रुमाल मांडीवरच ठेवला.

"फर्स्ट क्लास," आजोबा त्याला म्हणाले.

संध्याकाळी दुसऱ्या गाण्यातच त्याचा आवाज फाटला. त्याने पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला, आणि दोनशे मोबाईल वर आले. तेच तुम्ही पाहिलंत. कार्यक्रमानंतर गायकाने आजोबांना मिठी मारली आणि एवढंच म्हणाला, "खलास." त्यानंतर तो बँड कुठेही वाजला नाही.

गाडीत आजोबांनी विचारलं, "दुपारी नीट गायला होता ना?"

मी खोटं बोलले नाही. मनखूलला आमच्या घराखाली गाडी लावून ते म्हणाले, "त्यानं मला विचारलं होतं गं. तू उत्तर दिलंस."

पुढे त्यांनी कानाचं मशीन घेतलं. जाईपर्यंत कुठल्याही गाण्याबद्दल मला एकदाही "कसं वाटलं?" असं विचारलं नाही. घरात मी गुणगुणायला लागले की ते मशीन काढून टेबलावर ठेवत.

आता क्लिप पुन्हा लावा. सगळे स्टेजकडे बघताहेत. डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या शर्टातला एक माणूस पाठीमागे वळला आहे. ते तुमचे आजोबा. रुमाल कुठे आहे ते बघत आहेत. तो तेव्हा माझ्या डोळ्यांवर होता, आणि त्या खुणेचा अर्थ आम्ही ठरवला नव्हता.