कोपरा फाटलेलं पत्र

एकाहत्तर साली संगमनेरच्या कॉलेजातली नोकरी सोडून मी इथिओपियाला गेलो. अदिस अबाबाच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या पोरांना इंग्रजी शिकवायचं. पारनेरजवळच्या वस्तीवर आईला सांगून निघालो होतो, एक वर्ष, फार तर दीड.

वर्षानं करार आणखी तीन वर्षांनी वाढला. खुशीत घरी पत्र लिहीत होतो, तेवढ्यात एक विद्यार्थी पुस्तकाचं नाव विचारायला आला. हाताशी असेल त्या कागदाचा कोपरा फाडून लिहून द्यायची माझी जुनी खोड. तसं दिलं, आणि उरलेलं पत्र पाकिटात घातलं.

मयताच्या पत्राचा आमच्याकडं कोपरा फाडतात. ते घरात नेत नाहीत. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मी एवढा प्राध्यापक, मला आठवू नये?

आईला वाचता येत नव्हतं, पण कोपरा कळत होता. वडील बैल घेऊन दुष्काळी छावणीवर गेलेले. वस्तीवर वाचणारे होते, तिनं कुणाला दाखवलं नाही. वाचून घेतलं तर खरं होईल, असं तिला वाटलं म्हणे. पत्र अंगणात दगडाखाली ठेवलं, डोक्यावरून गार पाणी घेतलं आणि तीन दिवस उंबऱ्यात बसून राहिली. चौथ्या दिवशी वडिलांनी येऊन वाचलं की पोरगा खुशाल आहे, अजून तीन वर्षं तिकडंच राहणार आहे. हे सगळं त्यांनीच मला कळवलं. शरमेनं मी त्या पत्राला उत्तरही लिहिलं नाही.

पुढच्या सुट्टीत घरी गेलो, तर आई दार अडवून उभी.

"बूट काढ आधी. पाय बघू दी तुजं."

भुताचे पाय उलटे असतात. मी हसायला गेलो, पण तिचा चेहरा बघून बूट काढले. खाली बसून तिनं माझ्या टाचा चाचपल्या, मग आत घेतलं. तरी जेवायला वाढताना चोरून माझ्याकडं बघत होती. कायमचा कधी येणार, हे तिनं विचारलंच नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण मेलेल्याला कोण विचारतं?

मग मी तिकडंच राहिलो, बढत्या मिळत गेल्या. दर सुट्टीत दाराबाहेर बूट काढून उभा राहायचो.

आई गेल्याचं वडिलांचं पत्र मला विद्यापीठातच मिळालं. पाकीट उघडलं, कोपरा नव्हता. वर्गात पोरं वाट बघत होती. मी ते पत्र घेऊन खोलीबाहेर उभा राहिलो आणि कितीतरी वेळ वाचलं नाही.