गोष्ट माझी नव्हती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, पण तुम्ही पुस्तकं वाचणारे, म्हणून तुमच्यापुढे जरा जास्तच लाज वाटते.

दिंडोरीजवळच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये मी सुपरवायझर आहे. हंगामात बायका लांबलचक टेबलाशी उभ्या राहून घडातले खराब मणी कात्रीने काढतात आणि मी मागून बघत फिरते. एका वर्षी नाशिकच्या गंगापूर रोडच्या वाचनालयातून मी एक जाडजूड कादंबरी आणली होती. जादू शिकणाऱ्या एका मुलीची. म्हटलं, पोराटोरांचं पुस्तक, बसमध्ये येता-जाता चाळू.

चाळू कसलं! त्या मुलीला एकेक मंत्र येत जातो, पण प्रत्येक मंत्रापायी तिच्या लहानपणातली एक आठवण पुसली जाते. ती वादळ थांबवायला शिकते—आणि घरी येते, तर आईचा आवाज तिला ओळखूच येत नाही. माझा थांबा मागे गेला तरी मी उठले नाही. चाळिशीला टेकलेली बाई मी, अंगावर सरसरून काटा आला. असं माणसाला सुचतं? कुठून सुचत असेल?

ते काही माझ्या पोटात राहीना. टेबलाशी मी थोडं थोडं सांगू लागले. पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या कात्र्या थांबल्या. खरं तर मीच ओरडायला हवं होतं! मंदाबाई, आमच्यातली सगळ्यात जुनी, डोळे पुसत म्हणाली, "लय भारी गं ताई! एवढं सुचतं कसं तुला?"

आता इथे काय म्हणायला हवं होतं? पुस्तकातलं आहे गं—बस, एवढंच ना? मी हसले आणि म्हणाले, "येतं आपलं डोक्यात." आयत्या बिळावर नागोबा! पण माझ्याकडे लागलेले ते सगळे डोळे... जन्मात कुणी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. मला ते आवडलं. फार आवडलं.

एवढंच असतं, तर हे लिहायलाही बसले नसते.

मंदाबाईची रोहिणी तेव्हा आठवीत. आई ऐकलेलं सगळं घरी जाऊन तिला सांगायची. हंगामात आम्हाला रविवारीही काम असतं; अशाच एका रविवारी ती पळतच पॅकहाऊसमध्ये आली, हातात शाळेच्या लायब्ररीतलं तेच पुस्तक. "मावशी, तुमची गोष्ट पुस्तकात हाये! पुढचं पण हाये!" मला पकडायला नव्हती आली ती—आनंद वाटायला आली होती. पहिल्यांदा वाचताना माझा चेहरा असाच झाला असेल. ती पान उघडून वाचणार, तेवढ्यात मी म्हणाले, "दुसरी असेल ती. उगाच खोटं बोलू नये. आणि इथे पुस्तकं आणायची नाहीत."

खोटं बोलू नये—हे मी म्हणाले, मी!

मंदाबाईने सगळ्यांदेखत तिच्या कानाखाली दिली. "ताईला खोटं पाडती का?" माझ्या मानासाठी मारलं तिने. मी मधे पडले नाही. रोहिणीने खाली पडलेलं पुस्तक उचललं आणि ती गेली. आणि मी? जेवणाच्या सुट्टीनंतर मी शेवट सांगितला. आई त्या मुलीला समोर बसवून तिचं लहानपण तिला सांगू लागते, एकेक आठवण, अगदी पहिल्यापासून. बायका रडल्या. मीही रडले.

दुसऱ्या दिवशी मंदाबाई रोहिणीला हाताला धरून माझ्यापुढे घेऊन आली. तोवर पोरीने पुस्तक वाचून संपवलं होतं. खरं काय ते तिला ठाऊक होतं, मलाही. खाली बघत ती म्हणाली, "चुकलं मावशी. माफ करा."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "असू दे. लहान आहेस."