टाळूवरचं लोशन

नववीत शाळा सोडलेल्या मला बर्मिंगहॅममध्ये कोण काम देणार होतं? नवऱ्याच्या व्हिसावर आले आणि मोठ्या जाऊबाईंच्या घरी राहिले. त्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. त्यांनीच शब्द टाकला, म्हणून एका लॅबमध्ये उंदरांचे पिंजरे धुवायचं काम मिळालं. त्या उपकाराखाली मी इतकी दबलेली, की भाजीत मीठ कमी असलं तरी बोलत नसे.

उंदीर पांढरे, गरीब. पाठीवरचे केस काढून पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेवर क्रीम लावत आणि चाटू नये म्हणून वरून झाकत. पिंजऱ्याखाली नळीत लघवी साठे. मला वाटायचं, खाज सुटते का ते बघत असतील.

एकदा प्रयोग करणाऱ्या बाईंना मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये विचारलंच.

"क्रीम नासू नये म्हणून त्यात एक केमिकल घालतात," त्या म्हणाल्या. "ते कातडीतून किती आत जातं, ते मोजतोय."

"मग लघवी कशाला?"

"तिथेच तर सापडतं." बसची वेळ सांगावी तसं त्यांनी सांगितलं. शेवटी उंदीर मारून त्यांचं रक्त, कातडीही तपासतात, हेही त्याच सुरात.

मी हातातली नळी खाली ठेवली. पाठीला लावलेलं अंगभर फिरून लघवीत आलं होतं.

"हे केमिकल असतं कशात?"

"पुष्कळ कशात. शाम्पू, फेस क्रीम, बाळांची लोशनं."

घरी जाऊबाईंचं महिन्याचं बाळ होतं. त्यांच्या आई, माई, बाळंतपणाला पुण्याहून आलेल्या. थंडीनं खोबरेल गोठून दगड झालेलं, म्हणून माई रोज संध्याकाळी अंघोळीआधी लोशननंच बाळाची टाळू भरत.

बसमध्ये मला दुसरं काही सुचेना. घरात शिरले तर माई पाय पसरून बसलेल्या, पायांवर बाळ, तळहातावर लोशनचं तळं. कोट न काढताच मी त्यांचं मनगट धरलं.

"हात सोड. काय झालंय तुला?"

आवाज ऐकून जाऊबाई आल्या. मी अडखळत सगळं सांगितलं.

"चार दिवस उंदीर धुतले नि डॉक्टरीण झाली," माई म्हणाल्या.

"अगं, किती घालायचं त्याचे नियम असतात," जाऊबाई समजावत म्हणाल्या. "अंगाला बोटभर लावलं तर काही होत नाही. उगाच घाबरतेस."

मी मनगट सोडलं. आता या घरात कुठल्या तोंडानं राहायचं, असं झालं. सॉरी म्हणणार, तेवढ्यात जाऊबाईंची नजर माईंच्या तळहातावर गेली.

"आई, हे एवढं टाळूवर? रोज किती घालतेस?"

"किती म्हणजे? जिरेल तेवढं."

जाऊबाईंनी टॉवेलनं आईचा तळहात पुसला, बाळाला उचलून घेतलं आणि त्याच्या टाळूवर नुसता हात ठेवून उभ्या राहिल्या.

"वहिनी, खोबरेल वितळवू?" मी विचारलं.

त्यांनी मानेनं हो म्हटलं. मी बरणी गरम नळाखाली धरली. गोठलेलं तेल कडेनं सुटू लागलं.