श्रद्धांजलीखालचा फोन नंबर

शेजारच्या कुसुमकाकू गेल्या, त्याच संध्याकाळी नाक्यावरच्या फर्निचरवाल्याने फेसबुकवर त्यांचा फोटो टाकला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली दुकानाचं नाव आणि फोन नंबर. त्याखाली कुणीतरी विचारलं होतं, 'कोपऱ्यातला सोफा केवढ्याला?' दुकानाने हात जोडलेलं चित्र टाकून उत्तर दिलं होतं, 'नमस्कार, रेट इनबॉक्समध्ये पाठवला आहे.' काकूंसाठीही तेच जोडलेले हात होते.

मी तणतणत दुकानात गेलो. मालकांनी अगत्याने खुर्ची पुढे केली.

"अहो, नंबर मी मुद्दाम नाही टाकत. दसरा असो, वाढदिवस असो, सगळ्याच पोस्टला तो आपोआप येतो. आणि श्रद्धांजलीच नाही टाकली तर लोकच विचारतात, काकूंचं टाकलं नाहीत का?"

ते खरंच बोलत होते, म्हणून तर जास्त संताप आला. पूर्वी गल्लीतून अंत्ययात्रा निघाली की दुकानदार शटर अर्धं खाली ओढायचे. तेवढा वेळ गिऱ्हाईक ताटकळायचं, आणि का ते त्याला कळायचं. आता शटर न ओढताच दुःख करता येतं.

घरी येऊन तो फोटो पुन्हा पाहिला. दिवाळीत मीच काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. काकू लाडवांचं ताट पुढे करून 'घे रे, अजून एक घे' म्हणत होत्या. ताटावर आता नंबराची पट्टी आली आहे. काकू मात्र तशाच हसत, हात पुढे करून, येणाऱ्याजाणाऱ्याला सोफ्याच्या दुकानाचा नंबर वाढताहेत.