बाबांच्या पकडीची मोजणी

बाबांना पॅरालिसिसचा सौम्य झटका आला आणि उजव्या हातातला जोरच गेला. डिस्चार्जच्या वेळी हॉस्पिटलात विचारलं, सरकारी पैशातून एक संशोधन चाललंय, भाग घेणार का? बाबांनी जन्मभर सरकारी नोकरी केलेली. 'सरकारी' म्हटल्यावर त्यांनी पुढचं न ऐकताच मान हलवली.

संशोधन साधं होतं. अर्ध्या पेशंटना घरी येऊन हाताचे जादा व्यायाम शिकवायचे, उरलेल्यांना फक्त नेहमीची औषधं आणि सल्ला द्यायचा, आणि काही महिन्यांनी सगळ्यांच्या हाताची पकड परत मोजायची. कोण कुठल्या गटात, ते कॉम्प्युटर ठरवणार. बाबा बिनव्यायामवाल्यांत पडले. शेजारच्या खाटेवरचे गुजराती काका मात्र व्यायामवाल्यांत. "तिथेपण वशिला," आई म्हणाली. कॉम्प्युटरला वशिला लागत नाही हे तिला पटवणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं.

काका खाडीजवळ जेसल पार्कला राहायचे, आम्ही थोडं अलीकडे इंद्रलोक वसाहतीत. बाबा संध्याकाळी फिरायला म्हणून तिकडे जाऊ लागले. एकदा मी त्यांना आणायला गेले, तर दोघं खाडीकाठच्या बाकावर बसून ओला टॉवेल पिळतायत. "अरे साब, और जोर से," काकांची मास्तरकी चाललेली. बाबांनी मला दम भरला, "आईला बोलू नकोस." ते बरोबरच होतं. आईच्या तोंडात तीळ भिजत नाही. संशोधनवाल्या मुलीला तिने पहिल्या चहालाच सगळं सांगून टाकलं असतं.

मोजणीला ती मुलगी घरी आली. आई सकाळपासून देवाला साकडं घालत होती. बाबांनी यंत्राची मूठ धरली, दाबली. मुलगी जरा घुटमळली. "मागच्यापेक्षा थोडी कमीच आलीय, काका."

आई आत गेली. तिने गॅस पेटवला आणि वर काहीच न ठेवता पदराने डोळे पुसत उभी राहिली. टॉवेल कसा पिळला जातो ते मी पाहिलेलं. मी बाबांकडे डोळे वटारले.

"माझं नाव व्यायाम न करणाऱ्यांत आहे," ते हळूच म्हणाले. "जोरात दाबलं तर सरकारचा हिशोब चुकेल ना. लोकांचा पैसा आहे तो."

हरिश्चंद्र खोटं बोललाच असता, तर असंच बोलला असता. मला हसू येत होतं आणि रागही भयंकर आला होता.

"आई रडतेय आत," मी म्हटलं.

बाबा त्या मुलीकडे वळले. मग म्हणाले, "बाळ, ते यंत्र परत दे." आणि टॉवेलसकट सगळं कबूल केलं. मुलीने कपाळाला हात लावला. म्हणाली, "जे झालंय ते तसंच लिहिते. सरकारला खरं तेच हवं असतं, काका." बाबांनी दाबलं. आकडा चांगलाच वर गेला.

आई दारात येऊन उभी होती. यंत्रावर तिचा विश्वास नव्हता. तिने हात पुसून बाबांपुढे धरला. "माझा दाबा बघू."

परक्या माणसासमोर बायकोचा हात धरणं बाबांच्या शिस्तीत बसत नव्हतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि धरला.

"दुखतोय," आई म्हणाली, आणि हात तसाच राहू दिला.